सासूबाईंसाठी बिनअंड्याचा केक

माझ्या माहेरी अंडी चालायची, पण सोलापूरच्या सासरी ती कधी घरात आलीच नव्हती. मुलीच्या जन्मानंतर मी फार अशक्त झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोज अंडं खा. प्रथिनं मिळतील, बी-ट्वेल्व्हही वाढेल." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दुकानातून अंडी घेऊन आल्या. गॅलरीत जुना स्टोव्ह मांडला, वेगळं पातेलं ठेवलं आणि नाकाला पदर लावून अंडं उकडायला घातलं. ते तडकून पांढरा फेस वर आला, तशा घाबरून मला हाका मारायला लागल्या. मग सोललेलं अंडं माझ्या हातात देऊन त्यांनी पाठ फिरवली. "खा तू. मी हितंच हाय." जन्मात अंड्याला हात न लावलेल्या या बाईने मी बरी होईपर्यंत हे रोज केलं. मला अजून त्याचं नवल वाटतं.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला मी घरीच केक केला, तोही त्यांना खाता यावा म्हणून बिनअंड्याचा. अंड्याऐवजी दही आणि खायचा सोडा घातला. पहिला केक मध्येच बसला, कारण पीठ कालवून मी बराच वेळ तसंच ठेवलं होतं. दुसरा लगेच भाजला आणि तो छान फुगला.

सासूबाईंनी तुकडा हुंगून पाहिला. "आंडं न्हाय न्हवं ह्यात?"

"नाही आई, दही आहे."

त्यांनी तो सावकाश खाल्ला. "लई हलका झालाय की! आज रातीला दही मी लावते, उद्या परत कर."