पळसुल्यांचा ळ

परीक्षित पळसुले बर्फावरची हॉकी खेळून पोट भरतो, हे अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळात आजतागायत कुणाच्या पचनी पडलेलं नाही. पिकनिकला कुणी काकू भेटल्या की संवाद ठरलेला. "सध्या काय करतोस रे?" "हॉकी खेळतो, काकू." "अय्या, मस्त! आणि जॉब?" "तोच जॉब." यावर काकू "हो का" म्हणतात आणि बिचाऱ्याच्या पानात न मागता आणखी एक बटाटेवडा पडतो.

काकूंना तरी काय बोल लावायचा! टीव्हीवर दिसते ती मोठी लीग, तिथपर्यंत गडी कधी पोचलाच नाही. बारा वर्षांत नऊ टीम, नऊ गावं, सगळी लहान लीगमधली. आठ-आठ तास बसचा प्रवास, भाड्याची खोली, दुसऱ्याचं फर्निचर. आता वय तेहतीस आणि मुक्काम मिशिगनमधलं एक आडगाव, जिथे मराठी सोडाच, हिंदी बोलणारंही कुणी नाही. फ्रिजवर आईने दिलेला मेतकुटाचा डबा. मेतकूट केव्हाच संपलं, डबा मात्र गावोगाव हिंडतो.

त्यातून हा गोली, म्हणजे गोलरक्षक, आणि तोही दुसरा. दुसरा गोली म्हणजे काय ते ऐका. टीमला गोली दोन. एक जाळ्यासमोर उभा राहतो. दुसरा अंगावर सगळं चिलखत चढवून, डोक्यावर टोपी घालून बाकाच्या टोकाला बसतो आणि खेळाडू बर्फावरून आत-बाहेर करू लागले की त्यांच्यासाठी बाकाचं दार उघडतो. लावतो. पुन्हा उघडतो. या मोसमात परीक्षित परगावी चार वेळा उभा राहिला, घरच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, एकदाही नाही. घरी नुसतं दार.

नावाचं तर विचारूच नका. प्रत्येक रिंकवर माइकवरून नावं पुकारणारा एक माणूस असतो, आणि या जमातीने बारा वर्षं 'पळसुले'चं पार भरीत केलं. पॅलसूल, पुलसली, एकदा तर चक्क पॉल सॅली. सुरुवातीला हा जाऊन समजावून सांगायचा. मग कंटाळला. नव्या टीमच्या फॉर्मवर 'उच्चार कसा करावा' असा रकाना असतो, तिथे आता स्वतःच 'पॅलसूल' लिहितो आणि हात मिळवतानाही तेच सांगतो. कोण डोकं फोडत बसणार?

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून तो खेळायला निघाला, तेव्हा त्याचे वडील बाळ पळसुले एवढंच म्हणाले होते, "बरोबर आहे, घसरायला कॉलेज लागत नाही." त्यानंतर त्यांनी कुठल्याही रिंकमध्ये पाऊल टाकलं नाही. याचं त्यांना आणि त्यांचं याला, सगळं आई पोचवायची. चार वर्षांपूर्वी आई, म्हणजे शुभाताई, गेल्या आणि उरला दर रविवारी सकाळी अकराचा फोन. "थंडी आहे का?" "आहे." "वेळेवर जेवतोस ना?" "हो." "गाडीचं ऑइल बदललंस?" "बदललं." "बरं, ठेवतो." दीड मिनिट, हवं तर घड्याळ लावून बघा.

मॅच कशी झाली, हा प्रश्न त्या दीड मिनिटात कधी आलाच नाही. आणि या पोराला, हो, तेहतीस वर्षांच्या घोड्याला, हवा होता तो नेमका तेवढाच प्रश्न. फोन ठेवला की तो त्या रिकाम्या खोलीत बसून राहायचा आणि पुढच्या रविवारी विचारतील, असं स्वतःला सांगायचा. या आशेची त्याला लाज वाटायची, पण ती काही जात नव्हती.

मोसमाची शेवटची मॅच एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी तीनला होती. सकाळी अकराला थंडी, जेवण आणि ऑइल उरकलं. बाराला कोचने आत बोलावलं, दार लावलं आणि पुढच्या वर्षी तुला घेत नाही म्हणून सांगितलं. चांगला बोलला बिचारा. परीक्षित थँक यू म्हणाला. आता दुसरी कुठली टीमही घेणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग त्याने चिलखत चढवलं आणि बाकाच्या टोकाला आपल्या दाराशी जाऊन बसला.

मॅच अर्ध्यावर आली असेल-नसेल, पहिला गोली मांडी धरून खाली बसला तो उठेचना. कोचने परीक्षितकडे बोट केलं. त्याने टोपी काढून हेल्मेट चढवलं, आणि या रिंकवर पहिल्यांदाच दार त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी उघडलं. तो जाळ्यापाशी पोचतोय तोच माइक खरखरला.

"आता जाळ्यासमोर, नंबर एकतीस, परीक्षित पळसुले!"

पळसुले! पॅल नाही, सूल नाही. टाळूवरून सुटलेला, अगदी घरचा ळ. परीक्षित जागच्या जागी थिजला. दोन हजार माणसांत एक चेहरा ओळखीचा नाही, आणि आई घ्यायची तसं कुणीतरी त्याचं नाव घेतलं होतं. त्याचे डोळे भरून आले. हेल्मेटमुळे कुणाला दिसलं नाही, एवढंच.

खेळला. एकोणीस फटके अडवले, एक सुटला, मॅच हातची गेली. लोक पार्किंगकडे पळाले आणि हा अंगावरचं चिलखत कसंबसं उतरवून वर माइकच्या केबिनमध्ये गेला. माइकवाला डेल एरवी टायरच्या दुकानात काम करतो. याला बघताच तो उठून उभा राहिला.

"बरोबर म्हटलं ना?" डेलनेच आधी विचारलं. "तुझ्या वडिलांनी टीमच्या ऑफिसातून माझा नंबर मिळवला. ऑक्टोबरपासून दर गुरुवारी फोन करतात. आधी स्वतःचं नाव शिकवलं, बाळ. त्यातच तीन आठवडे गेले. मग आडनाव. म्हणाले, माझा मुलगा तुम्हाला सांगणार नाही, तो कंटाळलाय. मी म्हटलं, सर, पण त्याला इथे उतरवतच नाहीत. तर म्हणतात, उतरवतील तेव्हा तयारी नको?"

परीक्षित गाडीत जाऊन बसला आणि त्याने अ‍ॅशबर्नला फोन लावला.

"काय रे, काय झालं? सकाळीच बोललो ना आपण?" बाबा घाबरलेच.

"बाबा, डेलने सांगितलं मला."

पलीकडून हळूच, "तो गोल तुझ्यामुळे नाही गेला. पुढच्या दोघांनी वाट सोडली."

"तुम्ही बघत होतात?"

"म्हणजे काय! कॉम्प्युटरवर दिसतात की. सगळ्या मॅच बघतो मी."

"अहो, पण मी तर बाकावर असतो."

"दार उघडतोस ना. कोपऱ्यात दिसतोस. टोपी तेवढी खाली ओढत जाऊ नकोस, तोंड दिसत नाही."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी विचारायचं होतंत, मॅच कशी झाली म्हणून!"

"अरे, बघितलेल्या मॅचचं काय विचारायचं?" बाबा खरोखरच गोंधळले होते.

परीक्षितला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. चांगला हमसून हमसून रडला. बाबा नुसते "अरे... अरे" करत राहिले. जरा शांत झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी घेत नाहीयेत मला. संपलं."

"हं." चार बेडरूमच्या त्या घरात एकट्या फ्रिजची घरघर चालली होती, ती इथवर ऐकू येत होती. "मग आता गुरुवारी मी कुणाला फोन करू?"

रिकामी खोली काही आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलेली नाही, हे या शहाण्याला तेव्हा कुठे कळलं.

"मला करा," तो म्हणाला.

"तुला काय शिकवणार? तुला येतं की नाव."

"कुठे येतं! ऐका. पलसुले." थट्टा नव्हती ती. इतकी वर्षं पॅलसूल पॅलसूल करून जीभ खरंच तिथवर जाईना.

बाबांनी घसा खाकरला. "जीभ वर ने. टाळूला लाव. आता मागे वळव. घाई करू नकोस. हं, म्हण."

"पळ..."

"पुन्हा."