आत्याच्या हॉलमध्ये चालू न होणारा कॉम्प्युटर

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा धंदाच कॉम्प्युटर दुरुस्तीचा. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं... ते सापडेपर्यंत एकेक पार्ट बदलून बघायचा, बस्स. पण एक कॉल असा निघाला की त्याचं कारण मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

विंडोज ९५ नवीन होतं, तेव्हाची गोष्ट. वाशीला माझं छोटं दुकान होतं आणि दिवसभर स्कूटरवर तळोजा, बेलापूर, न्हावा शेवा अशी वणवण. घरी येईपर्यंत पाठीचा पार भुगा झालेला असायचा. माझी आत्या कळंबोलीला राहायची. बिल्डिंगचा सगळ्यात वरचा मजला, वन रूम किचन. तिचे मिस्टर, म्हणजे आमचे मामा, स्टील मार्केटमध्ये माथाडी. मूळचे साताऱ्याकडचे, बोलायला कमी आणि रागाला पुढे.

त्यांची मुलगी मनीषा माहेरी परत आली होती. नवरा हात उचलायचा. सोबत जेमतेम चालायला लागलेली पोर. मनीषाने मराठी टायपिंग शिकून घेतलं, मी तिला एक असेंबल केलेला पीसी दिला, आणि ती हॉलमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बसून लग्नपत्रिकांची कामं करायला लागली. कामं येतही होती. मामा मात्र त्या मशीनला ‘डबा’च म्हणायचे. पोरीनं सासरी जावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

एके दिवशी मनीषाचा दुकानात फोन आला, "दादा, चालूच होत नाय. पंखा फिरतो, लाइट लागते, पण स्क्रीन काळाच."

गेलो. रॅम काढली, रबराने घासली, परत बसवली. नाही. केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला. नाही. शेवटी कॅबिनेट स्कूटरवर पुढ्यात ठेवून दुकानात आणलं... तर पहिल्याच बटणाला चालू! दिवसभर चालू ठेवलं, काही नाही. परत आत्याकडे नेऊन टेबलावर लावलं, तर काळा स्क्रीन.

असं पुन्हा झालं. मग मला खरंच कंटाळा आला. नातेवाइकांचं काम, त्यात चौथा मजला, लिफ्ट नाही.

शेवटी एका ऑफिससाठी तयार ठेवलेला नवा कोरा पीसी घेऊन गेलो. म्हटलं, आता काय ते कळेल. त्याच टेबलावर जोडला, बटण दाबलं.

पंखा फिरला. स्क्रीन काळा.

मी खाली फरशीवरच बसलो. मीटरने व्होल्टेज बघितलं, बरोबर. त्याच सॉकेटवर टीव्ही लावला, चालला. किचनमधून एक्स्टेन्शन ओढून आणलं, तरी टेबलावर मशीन मेलेलंच. आणि तीच वायर, तेच मशीन बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये नेलं तर चालू.

"जागेलाच कायतरी हाय बघ," आत्या हळूच म्हणाली.

"काय बी न्हाय जागेला," मामा चिडले. "डबा घेऊन जा तुजा. रविवारी सासरचं पाव्हनं येनारायत, पोरीला घेऊन जातील. कशाला पायजे त्यो?"

मनीषाने पोरीला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी इतका दमलो होतो की वाद घालायचीही ताकद नव्हती. म्हटलं, "मामा, रविवारपर्यंत राहू द्या. तिचाच पीसी पॅसेजमध्ये लावतो, हातातल्या पत्रिका तरी होतील तिच्या." ते कुरकुरले, पण नको म्हणाले नाहीत. टेबल तिथे मावेना म्हणून मी स्टुलावर मॉनिटर ठेवला. बाथरूमला जायचं तर मनीषाला उठावं लागायचं. सगळे वैतागले.

त्यानंतर दोनेक दिवसांनी, भर दुपारी, हॉलचा स्लॅब पडला.

वरून पाणी मुरून सळया गंजल्या होत्या, पण खालून काही दिसत नव्हतं. प्लास्टरचा मोठा तुकडा थेट टेबलावर आला. खुर्ची मोडली, टेबलाची फळी दुभंगली. मनीषा दुपारी कायम तिथेच बसायची, आणि पोर तिच्या पायाशी गोधडीवर झोपायची. त्या दिवशी दोघी पॅसेजमध्ये होत्या. पोर धुळीने पांढरी झाली होती, एवढंच.

मी पोचलो तेव्हा मामा मार्केटमधून तसेच धावत आलेले, खांद्यावर लोखंडाचा गंज. त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मग पॅसेजमध्ये गेले. मशीन चालूच होतं, पत्रिका अर्धी टाइप केलेली. त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

रविवारी पाहुणे आले. चहा झाला. मामा म्हणाले, "पोरगी हितंच ऱ्हाईल. आता त्यो विषय नगं."

पुढे स्लॅब दुरुस्त झाला, रंगही झाला. मला चैन पडेना. मी मनीषाचा पीसी उचलून पुन्हा खिडकीजवळ नेला, त्याच सॉकेटला जोडला आणि बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू झाला. बंद केला, परत लावला. चालू. इलेक्ट्रिकलवाल्या एका मित्राला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, गंजलेल्या सळयांनी असं काही होत नसतं. दुसरा पीसी का बंद पडला, हे तर त्यालाही सांगता येईना.

मनीषा दारात उभी होती. "मग तेव्हा काय झालेलं, दादा?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

आज इतक्या वर्षांनी कोणी विचारलं, तरी माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.