बाबांची स्लाइड

देवासला माझं अर्धं आयुष्य लोकांचं रक्त तपासण्यात गेलं. आमची लॅब छोटी, यंत्र जुनं. रक्त घातलं की पांढऱ्या पेशींचा आकडा तेवढा बाहेर येतो. त्या पेशी दिसतात कशा, हे बघायचं तर स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाला डोळे लावावे लागतात.

गेल्या हिवाळ्यात एका भटक्या कुत्र्याने आमच्या कुत्र्याचा पाय धरला. बाबा ऐंशीचे, तरी मध्ये पडले. त्याच दातांनी त्यांचा हातही फाडला. रेबीजचं इंजेक्शन लगेच घेतलं आणि आम्ही निर्धास्त झालो. जखम पिकेल, हे रोज जंतूंशी गाठ असलेल्या माझ्याही डोक्यात आलं नाही. बाबांचं आपलं एकच, "मला काय धाड भरली आहे? आधी त्याचं बघ, बेचारा लंगडतोय."

चार दिवसांत दोघेही तापाने फणफणले. बाबांना दवाखान्यात ठेवलं. धारच्याही पलीकडे, डही गावात शिक्षक असलेला माझा धाकटा भाऊ रजा टाकून बसने निघाला.

त्या सकाळी दोघांचं रक्त माझ्यासमोर होतं. यंत्र माणसांचं, कुत्र्याचं रक्त त्याला कळत नाही. म्हणून कुत्र्याच्या रक्ताची स्लाइड करून एकेक पेशी मोजली. जंतूंशी लढणाऱ्या या पेशींचं केंद्रक एरवी दोन-तीन तुकड्यांचं असतं. इथे बहुतेकांचं घोड्याच्या नालेसारखं नुसतंच वाकलेलं होतं. म्हणजे पेशी कोवळ्या. तयार पेशी कमी पडल्या की हाडांमधली मज्जा कच्च्याच पेशी लढायला धाडते. मी जनावरांच्या डॉक्टरांना कळवलं, त्यांनी औषध बदललं आणि तो वाचला.

बाबांचं रक्त यंत्रात घातलं. आधी भरमसाट वाढलेला आकडा उतरून अगदी नॉर्मल आला होता. इतकं हायसं वाटलं की त्यांची स्लाइड केली, वाळवली आणि न बघताच बाजूला ठेवली. आजारी माणसाची स्लाइड बघितल्याशिवाय उठायचं नाही, हे नव्या मुलींना ओरडून शिकवणारी मीच.

तेवढ्यात धारच्या बसस्टँडवरून भावाचा फोन आला. "ताई, पुढची गाडी पकडू का? शाळेत परीक्षा चालू आहेत. सच सांग."

"काउंट नॉर्मल आला रे. फालतू दौड-धूप नको करूस. रविवारी ये आरामात."

तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दोनदा विचारलं, "छोटा कुठपर्यंत आला?" दहाच्या सुमारास ते गेले. त्या दुपारी मी स्लाइड बघितली. लढणाऱ्या पेशींमध्ये तयार अशा थोड्याच उरल्या होत्या, बाकी बहुतेक कोवळ्या. आकडा उतरला होता तो पेशी संपत चालल्या म्हणून; नॉर्मल दिसला तो फक्त खाली जाता जाता. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी कळलं असतं तरी या वयात फार काही करता आलं नसतं. असेल तसंही. मला त्याने काडीचाही धीर आला नाही.

तेरावं झाल्यावर भाऊ लॅबमध्ये आला. मी कुत्र्याची आणि बाबांची, दोन्ही स्लाइड त्याला दाखवल्या. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"दोन्ही सेमच दिसतात ना," तो म्हणाला.

"हो."

"ही बाबांची तू त्या दिवशी बघितली असतीस, तर मला परत पाठवलं नसतंस."

"नसतं रे."

त्याने पुन्हा डोळा लावला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर तो हळूच बाजूला सरकला.