एक जाळं पोटात, एक खडकावर

आषाढातला मंगळवार. मासेमारीची बंदी चालू, होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकलेली. रत्नागिरीतल्या सर्जनच्या खोलीत हजर: बाबा, काकी, धाकटा भाऊ, मी आणि डॉक्टर. गैरहजर: आई, तिला जाऊन बरीच वर्षं झाली; आणि काका, ज्यांना आमच्या घरात गैरहजर म्हणतात, गेलेले म्हणत नाहीत.

विषय बाबांच्या अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा होता. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, झोपलं की आत जायची. जन्मभर जाळी ओढलेल्या माणसाला हे होतंच, असं म्हणून त्यांनी ती पाच-सहा वर्षं लुंगीच्या गाठीखाली दाबून ठेवली. त्या रविवारी मात्र ती आत जाईना. बाबा ओकले, घामाने निथळले, पाय पोटाशी घेऊन पडले. डॉक्टरांनी मोठ्या कष्टाने ती हाताने आत ढकलली आणि स्पष्ट सांगितलं, "पुढच्या वेळी आतडं अडकलं तर आतल्या आत सडेल. तोवर थांबू नका."

मी तयारी करून गेले होते. जुने रिपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, ऑपरेशननंतर घरी कोण राहणार, होडीची डागडुजी कोण बघणार, सगळं लिहून. होडीचा बर्फ, डिझेल आणि शिधा मीच बघते, त्यामुळे ही सवय आहे. एवढी तयारी करूनही अडेल कुठे, हे मला कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी खणातून नमुन्याचा तुकडा काढला. पांढरा, तळहाताएवढा, मच्छरदाणीसारखा. "आजोबा, जिथे मांस विरलंय तिथे ही जाळी बसवायची. मग आतडं बाहेर येत नाही."

बाबांनी तो बोटांत धरला. उजेडाकडे केला. ताणून पाहिला.

"गाठ खंय हाय?"

"गाठ नसते. विणलेली असते. पॉलिप्रॉपिलीन म्हणतात, एक जातीचं प्लास्टिकच. तुमच्या होडीचे दोर असतात ना, त्यांच्या जातीचं, पण शरीरासाठी वेगळं शुद्ध केलेलं."

"किती वर्षांनी विरघळतं?"

"विरघळत नाही. ते आयुष्यभर राहतं." डॉक्टर मन लावून समजावत होते, बिचाऱ्यांना काय ठाऊक. "या भोकांतून तुमचंच मांस वाढतं. महिन्या-दोन महिन्यांत जाळी मांसात गच्च धरली जाते. मग ओढली तरी सुटत नाही."

बाबांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि लुंगीला हात पुसला.

"कालवं वाढतात तसं," ते म्हणाले. "खडकाला लागलेल्या जाळ्यावर."

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश झाले.

काकी, भाऊ आणि मी, तिघांनीही खाली पाहिलं.

कारण सांगते. माझ्या आजोबांची जाळी सुताची होती. ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवायची, नाहीतर कुजायची. एखादं जाळं समुद्रात हरवलं तर दोन पावसाळ्यांत त्याचं काही उरत नसे. समुद्र आपलं आपण निस्तरायचा. बाबा आणि काका यांनी नायलॉनची जाळी घेतली तेव्हा सगळ्या वाडीने येऊन ती हाताळली होती. कुजत नाहीत, हलकी, दिसत नाहीत. त्यातलं एक आरे-वारेच्या समोर बुडालेल्या खडकाला लागलं. मी तेव्हा शाळेत होते. काका पट्टीचे पोहणारे, कोयता दातांत धरून ते सोडवायला खाली गेले. बाबा दोर धरून होडीत बसले होते. दोर वर आला. काका आले नाहीत.

शोध झाला, पण मिळालं काही नाही. जाळं तिथेच आहे. ते कुजत नाही. माघ-फाल्गुनात पाणी नितळ झालं की खाली काही पांढुरकं हलताना दिसतं, असं लोक म्हणतात, आणि तिथून होडी नेताना बोलणं थांबवतात. मी या गोष्टी मानत नाही. पण त्या भागातून आलेली सुरमई आमच्या घरात शिजत नाही, आणि हा नियम मी मोडलेला नाही.

"नुसतं शिवा," बाबा म्हणाले. "जाळं नको."

"शिवता येईल. पण तुमचं मांस जुन्या कापडासारखं झालंय. टाका फाडून बाहेर येईल."

"मग ऱ्हाव दे."

भाऊ भडकला. "बाबा, काय लहान पोरासारखं? आतडं सडेल म्हणतायत ते!"

"तू गप ऱ्हा. अजून दोर नीट वळता येत नाय, माका शिकवतोय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्या मुद्द्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा काकी बोलली. दाराजवळच्या स्टुलावर ती पदर सावरून बसली होती. बाबा तिचे थोरले दीर. त्यांच्याशी ती अजूनही समोर बघून बोलत नाही. काकांचं काही मिळालं नाही म्हणून तिने कुंकू पुसलेलं नाही. त्या वेळी घरच्या मोठ्यांनी थांबायला सांगितलं होतं. नंतर ते मोठे गेले आणि त्यांनी घातलेली ती अट कुणी सोडवली नाही.

"भावोजी," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "ती जागा तुमालाच म्हायती. दुसऱ्या कुणाला दावली नाय. तुमी गेलाव तर ह्यांना शोधील कोण?"

तिने इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. खरं होतं. खडकाची जागा समुद्रावर लिहिलेली नसते. किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन खुणा एका रेषेत आल्या की ती जागा, हे फक्त बाबांच्या डोळ्यांत होतं.

टेबलावरचा तुकडा पुन्हा उचलून ते म्हणाले, "एक आत घालताव तर एक भायेर काढू. दर्या निवला की." मग डॉक्टरांकडे वळून, "कधी कापताव?"

ऑपरेशनच्या सकाळी काकीने पदराखालून हळदकुंकवाची डबी काढली. आमच्याकडे नवं जाळं हळदकुंकू लावल्याशिवाय पाण्यात जात नाही. मला संकोच वाटला, पण डॉक्टरांना विचारलं. आतलं निर्जंतुक पाकीट उघडता येणार नाही, म्हणाले, बाहेरच्या खोक्याला लावा. सिस्टरने खोकं बाहेर आणलं. काकीने बोट टेकवलं, हात जोडले.

"काकी, आता ओटीपण भरा," सिस्टर हसून म्हणाली.

"भरीन गो, तू धर पदर," काकी म्हणाली. त्या सकाळी आम्ही तेवढंच हसलो.

भूल कमरेतून दिली होती, बाबा जागे होते. बाहेर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य: "पसरताना कळला माका." डॉक्टर म्हणाले, कळणं शक्य नाही. बाबांनी वाद घातला नाही.

जखम छान भरली. पथ्य मी भिंतीवर लावलं होतं: वजन नको, खोकताना जखमेवर हात दाबून धरायचा, जिने सावकाश. बाबांनी सगळं पाळलं. फक्त अंगणात बसल्या बसल्या मधेच जांघेवर हात ठेवत आणि समुद्राकडे बघत. "ओढतंय," म्हणत. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला ताण जाणवतो, काळजी नको. बाबा म्हणाले, सुकतीलाच ओढतंय. सुकती म्हणजे ओहोटी. मी भरती-ओहोटीचं कोष्टक काढून पाहिलं. दोनदा जुळलं. मग मी पाहणं बंद केलं.

माघात समुद्र निवला. भावाने एक पाणबुड्या ठरवला, बंदरातल्या बोटींच्या पंख्यात अडकलेले दोर काढणारा. आम्ही निघालो: बाबा, भाऊ, पाणबुड्या आणि मी. काकीने किनाऱ्यावर नारळ माझ्या हातात दिला आणि तिथेच वाळूत बसली.

आरे-वारेसमोर बाबांनी सुकाणू स्वतः घेतलं. डोंगराकडे बघत, मग मागे बघत, त्यांनी होडी फिरवली. एका जागी इंजिन मंद केलं. पाणी हिरवं, काचेसारखं. आम्ही कुणी बोललो नाही. बाबांचा डावा हात सुकाणूवर आणि उजवा जांघेवर होता, इतका घट्ट दाबलेला की बोटं पांढरी पडली होती.

"इथं?" भावाने विचारलं.

पाणबुड्याने चष्मा डोळ्यांवर ओढला.

बाबा खाली बघत राहिले. मीही वाकून पाहिलं. खाली खोल काहीतरी फिकट होतं, होडीच्या सावलीत हलत होतं. वाळू असेल, शेवाळ असेल. मी मान वर केली.

"नाय," बाबा म्हणाले. "इथं नाय." आणि होडी वळवली.

परतताना भाऊ काही बोलणार होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. किनाऱ्यावर काकी उठून उभी राहिली. कपाळावरचं कुंकू उन्हात लांबूनही दिसत होतं.

"गावला?"

"पाणी गढूळ व्हता," बाबा म्हणाले.

काकीने आमच्यामागच्या पाण्याकडे पाहिलं. नारळ माझ्या हातून घेतला आणि घराकडे चालू लागली. तिची पावलं नेहमीपेक्षा हलकी पडत होती असं मला वाटलं. तेव्हा कळलं की तिलाही ते जाळं वर निघायला नको होतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

आज सकाळी पाणबुड्याचा फोन आला. पाऊस लागायच्या आत पाणी अजून थोडे दिवस चांगलं आहे, कधी येऊ, विचारत होता. बाबांना विचारून कळवते, म्हटलं. बाबा अंगणात होते, काकी त्यांच्यासमोर चहा ठेवत होती. फोन ठेवून मी दोनदा दारापर्यंत गेले. अजून विचारलेलं नाही.