सात फॉर्म छापून झाले होते

मी छापखान्यात घड्या घालायचो. सोळा पानांचा एक फॉर्म. कड कडेला भिडली पाहिजे, नाहीतर पुस्तक वाकडं. ज्यांच्या कादंबऱ्यांवर आमच्या चुली पेटायच्या, त्यांना आम्ही लेखकराव म्हणायचो. मुखपृष्ठावर नाव वेगळंच असायचं. ते मालकांनी ठेवलेलं आणि मालकांच्याच मालकीचं.

लेखकराव वरच्या खोलीत लिहायचे. पानं खाली येतील तशी छापली जायची. शेवट काय, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. दर महिन्याला एक कादंबरी, हातोहात खपायची. माणूस कामाला वाघ. खाडाखोड माहीत नाही.

त्या खेपेला सात फॉर्म छापून झाले होते. सातव्याच्या शेवटी नायिका इस्पितळात बेशुद्ध. त्याच आठवड्यात लेखकरावांची बायको गेली. वहिनीही इस्पितळातच होत्या. शुद्धीवर आल्याच नाहीत.

थोड्या दिवसांनी ते कामावर आले. पान काही खाली येईना. मशीन थंड. मालक तरातरा जिना चढले, मागोमाग मी.

"अहो, ती शुद्धीवर येते, एवढंच तर लिहायचंय!"

"येत नाही ती."

"म्हणजे मारताय? वाचक आपल्याला जोड्याने हाणतील."

"सातवा फॉर्म रद्द करा, मालक. मी तिला इस्पितळात नेतच नाही. घरीच ठेवतो."

"छापलेलं रद्दीत घालू? या आठवड्यात शेवट द्या, नाहीतर मुखपृष्ठावरचं नाव माझ्या भाच्याला देतो. तो टपूनच बसलाय."

लेखकरावांनी हात जोडले. "एवढं नाव तरी राहू द्या. आता घरी हाक मारायलाही कुणी नाही."

मालक खाली उतरले.

आठवडाभर मी चहा वर नेला. कागदावर एकच वाक्य असायचं, 'तिने डोळे उघडले.' खोडलेलं. खाली पुन्हा तेच, पुन्हा खोडलेलं. पानंच्या पानं. एवढी मेहनत त्यांनी अख्ख्या कादंबरीवरही कधी घेतली नव्हती.

उरलेलं भाच्याने उरकलं. नायिका उठली, लग्नही लागलं. पुस्तक नेहमीपेक्षा जास्त गेलं, दुसरी आवृत्ती निघाली.

मग एक दिवस लेखकराव माझ्या टेबलाशी आले.

"दादा, वाचलंत?"

"वाचलं."

"कुणाच्या लक्षात आलं का? लिहिणारा बदललाय ते?"

खोटं बोलून माणसाचं दुःख हलकं होत नाही. "नाही," मी म्हणालो. "दुकानदार म्हणतो, या खेपेला लेखकाने कमाल केली."

 ते घरी जायचं सोडून बाकावर टेकले.

"मलाही द्या थोडं. हात रिकामे राहवत नाहीत."

मी गठ्ठा सरकवला. कड कशी धरायची ते दाखवलं. पहिली घडी तिरकी गेली.

"पुन्हा घाला."

त्यांनी उलगडली, पुन्हा घातली. पुन्हा तिरकी. सुटी होईपर्यंत मान वर केली नाही. ते गेल्यावर तो सगळा गठ्ठा मला उलगडून नव्याने घालावा लागला. एकही घडी सरळ नव्हती.