कोंडीतले मासे

धामापूरजवळच्या वाडीत १९५८ साली सहदेवाचा थाट मामलेदारापेक्षा जास्त होता. खाकी चड्डी, हातात डीडीटीचा पंप. घरोघरी भिंतींवर औषध मारायचा आणि चहा पिऊन पुढे जायचा. मान मात्र खोटा नव्हता. दरसाल हिवतापाने माणसं मरत, ती मरायची थांबली होती. शेजारच्या गोदूबाईची एकुलती एक मुलगी त्याच तापाने गेलेली. पोरक्या सहदेवाला आता तीच जेवू घाली, व्हाळाच्या कोंडीतले, म्हणजे ओढ्याच्या डोहातले, चिमुकले मासे आणि भात.

पंप धुतलेलं पाणी खड्ड्यात ओतून वर माती लोटायची, असा खात्याच्या साहेबाचा हुकूम होता. पण त्या शनिवारी पोटात कावळे ओरडत होते, खड्डा खणायचा आला कंटाळा. स्वारीने पंप सरळ व्हाळात धुतला.

सकाळी कोंडीत मासे उलटे तरंगत होते. कुणाला काही वावगं वाटलं नाही. झाडाची साल ठेचून पाण्यात टाकायची नि गुंगलेले मासे वेचायचे, ही इथली जुनी रीत. ते खाऊन कुणाला काही होत नसे. कुणीतरी साल टाकली असणार, म्हणून अख्खी वाडी टोपल्या घेऊन धावली. गोदूबाई सगळ्यांच्या पुढे.

सहदेव पोचला तेव्हा टोपल्या भरत आल्या होत्या. गप्प राहिलं तर नोकरी वाचत होती, मानही.

"झिला, आज तुका पोटभर!" गोदूबाई टोपली दाखवत हसली.

"काकी, टाक ते!" तो ओरडला. "कोणी खाव नकात! साल नाय ती. मिया काल पंप हयसर धुतलंय."

मग व्हायचं ते झालं. ज्यांनी चहा पाजला त्यांनीच त्याचा उद्धार केला. मासे पुरले. दुपारपर्यंत साहेबाच्या कानावर गेलं आणि पंप काढून घेतला गेला. सहदेव घरात तोंड लपवून बसला. गोदूबाईसमोर जायची त्याची छाती होईना.

शेवटी तीच आली. त्याचे हात उलटेपालटे करून बघत राहिली.

"त्या औषधात मासो जगलो नाय," ती म्हणाली, "आणि तू ता रोज ह्या हातांनी कालवी होतस?"

त्याने होकारार्थी मान हलवली. म्हातारीचे डोळे भरून आले.

"तापान माजा चेडू न्हेल्यान. औषधान तुका न्हेल्यान, तर मिया कोणाक वाढू रे?"