पांगाऱ्यावरच्या परक्या माश्या

आमच्या सोसायटीतला पांगारा तोडायचा की नाही, असा प्रश्न निघाला तेव्हा ‘तोडा’ म्हणून सगळ्यात आधी हात वर केला तो माझ्या नणंदेने. ती सोसायटीची सभासदसुद्धा नव्हती. कुडाळकडच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली होती आणि मीटिंगमध्ये चहा चांगला मिळतो म्हणून माझ्याबरोबर खाली उतरली होती.

मुलुंडला, डोंगराच्या अंगाला आमची चार मजली इमारत आहे. पंपाच्या खोलीमागे हा पांगारा. त्याची एक फांदी थेट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येते. थंडी सरता सरता तो पानं टाकायचा आणि नुसत्या काटेरी फांद्यांवर लाल फुलं पेटायची. कावळे, साळुंक्या, बुलबुल सगळे भांडत यायचे. एखाद्या वर्षी पळसमैनांचा अख्खा थवा उतरायचा आणि मला समोरच्याशी बोलणं ऐकू यायचं नाही. नवरा गेल्यानंतरच्या सकाळी मी त्या खिडकीशीच काढल्या आहेत.

मग पालवीला गाठी यायला लागल्या. कोवळं पान फुटलं की आठवड्याभरात त्याचा देठ बोटासारखा सुजायचा, पान आवळलेल्या मुठीसारखं वळायचं. पुढच्या मोसमात फुलं आलीच नाहीत. शेंडे वाळले.

“मॅडम, झाडाची वाट लागलीय,” सेक्रेटरी म्हणाले. ते माझ्याच मजल्यावर राहतात, माणूस वाईट नाही, पण त्यांची गाडी बरोबर त्या झाडाखाली असते. “उद्या फांदी पडली कोणाच्या डोक्यावर, तर जबाबदार कोण? पालिकेला अर्ज टाकूया ना.”

“तोडा,” नणंद मागून म्हणाली. “ह्यो रोग बरो होणा नाय.”

मी उभी राहिले. आयुष्यभर ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आहे, खोलीतल्या गलक्यावर आवाज कसा चढवायचा ते मला ठाऊक आहे. “कशाने होतंय ते न बघता झाड तोडायचं नाही,” मी म्हटलं. “पुढच्या मीटिंगपर्यंत मला बघू द्या. मग काय ते ठरवा.”

घरी येऊन मी लोणच्याची रिकामी बरणी स्वच्छ धुतली, खिडकीकडच्या फांदीचे गाठी आलेले चार शेंडे ओल्या कापसात रोवून आत ठेवले आणि तोंडावर जुन्या मलमलीचा तुकडा रबराने बांधला. बरणी ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी. नणंद म्हणाली, “वयनी, माणसा ओट्यार जेवाण करतत, तू किडे पाळ.”

थोड्याच दिवसांत गाठींवर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली आणि काचेवर रव्याच्या कणाएवढे जीव चालायला लागले. मी भिंग लावलं. गांधीलमाशीच्याच कुळातली माशी, पण हिला ना पोळं, ना माणसाला डंख. मादी काळपट तपकिरी. नर तिच्याहून लहान आणि फिकट. वाचून माहीत होतं, ही माशी आपल्याकडची नाही. आफ्रिकेकडून निघाली असावी असं म्हणतात. कुठल्या तरी रोपाबरोबर समुद्र ओलांडला आणि जिथे जिथे पांगारा तिथे तिथे पसरली. मादी कोवळ्या पानात अंडी घालते, आतल्या अळीभोवती झाड गाठ बांधतं, आणि अळी त्या गाठीतच खात-पीत मोठी होते.

पण पुस्तकात वाचणं वेगळं. आता त्या माझ्या ओट्यावर लग्नं लावत होत्या. नर भोकांच्या आसपास घुटमळत राहायचे. मादी बाहेर आली, पंख जरा झटकले, की एखादा तिच्या मागे लागायचा. मिशा थरथरवत तिच्याभोवती फिरायचा, पाठीवर चढायचा. काही माद्या स्थिर उभ्या राहायच्या. काही सरळ चालू लागायच्या, आणि तो घसरून काचेवर पडायचा.

“काय बघतंस एवढा?” नणंद कणीक मळता मळता आली. मी भिंग तिच्या हातात दिलं. तिने पिठाच्या हातानेच ते धरलं आणि बरणीवर वाकली.

“ह्यो बारको तो नवरो?”

“हो.”

“बघ गो, कसो पाठसून लागलो हा.” मग थोड्या वेळाने, “पडलो! तिका नको होतो.” ती खुदकन हसली. “पण मुकाट गेलो तरी. माणसांत असतो तर आवशी-बापाशीक घेवन परत इलो असतो.”

मी हसत खुर्चीत बसले. तिने लग्न केलेलं नाही. स्थळं आली होती, तिने नाकारली होती, आणि का ते घरात कोणालाच कळलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही, तेव्हाही नाही. मी फक्त सांगितलं की या कुळात मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालू शकते, फक्त त्यातून मुलगेच होतात.

“मगे तिचा कायच अडणा नाय,” ती म्हणाली आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

तसंच बघत असताना ती म्हणाली, “आमच्या कुंपणाक हेच झाला.”

गावच्या घरामागे पांगाऱ्याचं जिवंत कुंपण होतं, ते मी पाहिलं होतं. प्रत्येक झाडावर मिरीचा वेल तिनेच चढवलेला. गाठी आल्या, झाडं एकेक करून वाळली, वेल खाली लोळले. शेवटी तिने कोयत्याने स्वतः सगळं कुंपण तोडलं. “एक म्हणान ठेवलंय नाय,” ती म्हणाली. “रोज बघवना नाय होता.” तिने मीटिंगमध्ये हात का वर केला ते मला तेव्हा समजलं. मी तिच्या हातातलं भिंग घेतलं आणि कणीक मीच मळून पुरी केली.

आणखी काही दिवसांनी बरणीत वेगळीच माशी दिसली. पहिल्यांदा वाटलं उजेडाचा खेळ आहे. पण अंगावर हिरवट झळाळी स्पष्ट होती, आणि ती त्याच गाठींतून बाहेर येत होती. मी फोटो काढून कीटकांवर काम करणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला पाठवले. त्याचा फोन लगेच आला.

“अगं, झकास! ही आपल्याकडची असणार. ही गाठीत अंडं घालते आणि हिची अळी त्या परक्या माशीच्या अळीला खाते. फोटोवरून खात्रीने सांगत नाही, नमुना पाठव.”

नमुना पाठवला, आणि त्याने होय म्हटलं. मला मात्र मनातून आधीच पटलं होतं. आजूबाजूच्या डोंगरावरून असेल, कुठून तरी असेल, कोणी न बोलावता ती आली होती आणि कामाला लागली होती.

मीटिंगमध्ये मी सरळ सांगितलं. झाड तोडायचं नाही. औषध फवारायचं नाही, कारण त्याने दोन्ही माश्या मरतील. वाळलेल्या फांद्या पालिकेची परवानगी घेऊन छाटायच्या, नव्या गाठींचे शेंडे काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवायचे, आणि हिरव्या माश्या सापडल्या ती खिडकीकडची फांदी तशीच सोडायची.

“म्हणजे रोग मुद्दाम ठेवायचा?” सेक्रेटरींनी विचारलं.

“थोडा. नाहीतर ती हिरवी माशी खाणार काय?”

“आणि नाही जमलं तर?”

“तर पुढच्या वर्षी अर्जावर पहिली सही माझी.”

हात वर झाले, बहुतेक माझ्या बाजूने. नणंदेकडे सगळ्यांनी बघितलं. ती चहाचा कप सांभाळत म्हणाली, “मी खंय सभासद आसंय?”

छाटणी झाली. सेक्रेटरींनी गाडी दुसरीकडे लावायला सुरुवात केली, कुरकुरत का होईना. पुढच्या मोसमात अर्ध्या झाडावर फुलं आली. पंपाच्या बाजूला काहीच नाही, खिडकीच्या बाजूला भरघोस. गाठी संपल्या नाहीत, संपणारही नाहीत. सहकारी म्हणतो, छाटणीने झालं, माशीने झालं की हवामानाने, हे एका झाडावरून सांगता येत नाही. बरोबर आहे त्याचं. पण झाड उभं आहे, आणि ते उभं ठेवायचा निर्णय चुकला नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

जवळजवळ वर्षभर राहून, फुलं असतानाच नणंद गावी जायला निघाली. सामान बांधताना तिने विचारलं, “त्या हिरव्ये माश्येच्यो चार गाठी दी मां. शेजाऱ्यांची थोडी झाडा उरली हत.”

“नाही,” मी म्हटलं. “अशीच कोणाच्या तरी फांदीबरोबर ती परकी इथवर आली. एका ठिकाणचे किडे उचलून दुसरीकडे सोडायचे नाहीत.”

“एवढीशी माशी, तिका काय पासपोर्ट होयो?” ती रागावली. खरंच रागावली, बसपर्यंत सगळं सामान तिने एकटीनेच उचललं. मी तिच्या पिशवीत भिंग सरकवलं आणि सांगितलं, “आधी तिथल्या गाठी बरणीत घालून बघ.”

महिन्याभराने तिचा फोन आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

“वयनी, हंयसर पण हिरवी आसा. दोन दिसली.”

“नक्की हिरवी? की उन्हात चमकली?”

“माका रंग समाजता गो!” ती ओरडली. मागे कोणीतरी हसत होतं. बहुधा शेजारणी बरणीभोवती जमल्या होत्या. “आणि आयक, एक नर मघापासून एकीच्या मागे लागलो हा, ती काय दाद देना नाय. ठेव फोन, बघूक होया.”